एका दमात

पहिली ढेरी साडेदहाला.
राजापुरी हळद, शेंग मोडली की आतून केशरी.
पोत्यावर पाय ठेवून मी भाव पुकारतो,
तेरा हजार, तेरा एक, तेरा दोन,
आवाज वरच्या पत्र्याला लागून परत येतो
आणि हमालांच्या डोक्यांवर पिवळा होऊन बसतो.

सांगलीच्या यार्डात सत्तावीस वर्षं असंच.

मग माघात एका दुपारी, चाळिसाव्या ढेरीला,
'बारा' म्हणालो ते 'मारा' ऐकू गेलं.
पोरं हसली. मीही हसलो,
पण हसू अर्ध्यावर अडकलं,
आणि शेजारचा व्यापारी म्हणाला,
भूपालआण्णा, गुरकावताय कशाला?

संध्याकाळी डावी पापणी खाली आली,
एका बाजूनं अडकलेल्या शटरसारखी.
भाकरी चावता चावता जबडा दमला,
तळहातानं हनुवटी धरून मी तो हलवला.
बायको म्हणाली, घेतली का काय कुठं?
मी, ज्यानं आयुष्यात कांदासुद्धा चोरून खाल्ला!

सकाळी सगळं परत जागेवर.
सकाळी मी रोज खोटा ठरायचो.
गल्लीतला डॉक्टर म्हणाला,
दुपारपर्यंत बरा असतो तो आजार कसला?

मिरजेच्या मुजावर बाईंनी
बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून
माझ्या पापणीवर धरला, दोन मिनिटं, घड्याळ लावून.
पापणी उठली.
मग म्हणाल्या, एका दमात आकडे मोजा.
आकडे? मला?
मी छाती भरली आणि सुटलो,
एक दोन तीन चार, यार्डातल्यासारखा,
सतरा.
अठरा आलाच नाही.
कोपऱ्यात बायको उभी होती,
तिच्या ओठांवर होता तो.

बाई कागदावर चित्र काढून सांगत होत्या.
मला चित्र कळलं नाही, रुमाल कळला.
बापाच्या काळी सौदा रुमालाखाली व्हायचा.
एकानं बोटं दाबायची, दुसऱ्यानं ओळखायची,
वरून बघणाऱ्याला नुसतं कापड हललेलं दिसायचं.
तसंच नस दाबते, स्नायूला कळतं, पापणी उठते.
आता माझ्या रुमालाखाली तिसरा हात आहे.
तो बोली लावत नाही,
नुसता तळव्यावर पडून राहतो.
पहिली दाब पोचते. दहावी नाही.

कुणाचा हात? मी विचारलं.
तुमच्याच रक्तातला, बाई म्हणाल्या.
राखणीला ठेवलेला.

राग कुणावर धरायचा, ते तेव्हापासून राहूनच गेलंय.

मशीननं रक्त नेलं, लाल तेवढं परत दिलं.
पिशवीत जमत गेलं ते पिवळं.
मी सवयीनं उजेडाकडे डोळा बारीक केला,
रंग बरा, ओल जास्त.
भाव काय? म्हटलं.
पाच वेळा करावं लागेल, नर्स म्हणाली.
कुपवाडचा प्लॉट गेला.

आता दर चार तासांनी गोळी.
यार्डात खिसा वाजतो, लोकांना वाटतं फोन.
सूर्य मावळायच्या आत जेवण,
ते आमच्यात आधीपासून होतंच,
आई धर्म म्हणून सांगायची, आता जबडा सांगतो.
दहा ढेऱ्या मी पुकारतो. अकरावीला
बसवकुमार उभा राहतो, कोवळा आवाज,
'त्रेचाळीस' म्हणताना घसरतो.
त्याला माल कळत नाही अजून.
मी शेजारी पोत्यावर बसतो,
शेंग मोडतो, हुंगतो,
आणि त्याचा हात धरून दोन बोटं दाबतो.
रुमाल नाही, उघड्यावर.
तो ओरडतो.
पत्रा वाजतो.

रात्री दिवा घालवल्यावर मोजून बघतो, एका दमात.
परवा एकवीस. काल तेवीस.
चोवीस अंधारातून आला,
बायकोच्या उशीवरून.